टूली फॉगचे नवे टायर

१

जपून ठेवलेल्या गाडीचे टायर पाझरतात. आमच्या छंदातली ही सर्वांत किळसवाणी गोष्ट, आणि दुकानदार ती कधीच सांगत नाहीत. गाडी धातूची असते, खऱ्या गाडीच्या अठराव्या हिश्श्याची. तिचा रंग वर्षानुवर्षं हलत नाही. पण टायर मऊ ठेवणारं तेल पंधरा-वीस वर्षांनी बाहेर यायला लागतं. आधी टायर चकाकतो. मग हात लावला की बोट ओलं होतं. शेवटी तो खालच्या काचेला धरून बसतो, आणि गाडी उचलली की टायरचा तळवा काचेवरच राहतो, मध्ये काकवीसारखी तार येते.

बेकर्सफील्डच्या उन्हाळ्यात हे लवकर होतं. त्या जुलैत सलग अकरा दिवस पारा एकशे सहा फॅरनहाइटच्या वर होता आणि आमच्या मागच्या खोलीतला कूलर बंद पडला होता. बाराव्या दिवशी सकाळी साडेसहाला मी नेहमीप्रमाणे कपाट उघडलं, तर टूली फॉगच्या मागच्या दोन्ही टायरांखाली तपकिरी थारोळं साचलेलं.

माझ्याकडे एकशे बेचाळीस गाड्या आहेत. सगळ्या जुन्या ड्रॅग रेसिंगच्या, म्हणजे पाव मैलाच्या सरळ पट्टीवर सात सेकंदांत संपणाऱ्या शर्यतीच्या. त्यांतल्या एकशे एक्केचाळीस मी आज कोणालाही देऊन टाकीन. टूली फॉग देणार नाही. खरी टूली फॉग माझ्या थोरल्या भावाने, रॉइसने, वडिलांच्या शेडमध्ये बांधली होती. पुढे सळईसारखं लांब नाक आणि सायकलची असावीत तशी दोन बारीक चाकं. मागे रुंद, गुळगुळीत, नक्षी नसलेले टायर, आणि त्यांच्याही मागे, इंजिनाच्या धुरात, चालक. हिवाळ्यात आमच्या खोऱ्यात उतरणाऱ्या धुक्याचं नाव तिला दिलं होतं आणि रंगही त्याचाच. १९७१ साली ती पट्टीवर जळाली, रॉइससकट. मी नऊ वर्षांचा होतो.

पुढे एका लहानशा कंपनीने जुन्या फोटोंवरून तिच्या पाचशे प्रतिकृती काढल्या. सीटच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढ्या अक्षरांत नाव आहे: रॉइस प्रुइट. ते नाव आता जगात या प्रतिकृतींवर आणि त्याच्या थडग्यावर एवढंच लिहिलेलं आहे, आणि थडग्यापाशी मी जात नाही.

२

महिन्याच्या पहिल्या शनिवारी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये आमचा बाजार भरतो. लांब टेबलं, पातळ कॉफी आणि पांढरे सुती हातमोजे घातलेले पन्नाशी-साठीचे पुरुष. हातमोजे सगळेच घालतात, कारण बोटांच्या तेलाने रंगावर डाग पडतो. नवखा माणूस दारात आला तर त्याला वाटावं, आत कोणाचं तरी ऑपरेशन चालू आहे.

ओर्व्हल टीगचं टेबल कोपऱ्यात असायचं. वय सत्तरच्या पुढे, अंगाने काडी. तो गाड्या विकत नसे, स्वतः ओतलेले टायर विकायचा. गोळ्या ठेवायच्या डब्या असतात ना, वारांची नावं लिहिलेल्या, त्यांत एकेका कप्प्यात एकेक जोडी. त्याची बायको मेव्हिस पूर्वी शेजारी बसून लिंबाच्या वड्या वाटायची. दोन वर्षांत ती आली नव्हती.

"टूली फॉग ना?" मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला. "चारही बदल. अर्धवट काम करू नकोस."

"पुढचे दोन अजून बरे आहेत."

"आज बरे आहेत. वीस वर्षांपूर्वी तुझे गुडघेही बरे होते."

शेजारच्या टेबलावरचा चेट खिदळला. "ओर्व्हल, त्याला टायर विक, म्हातारपण विकू नकोस. तो माल त्याच्याकडे भरपूर आहे."

"तुझ्याकडे जास्त आहे चेट, तू घाऊक विकतोस," मी म्हणालो. मग ओर्व्हलला विचारलं, "हे पाझरणार नाहीत ना?"

"कधीच नाहीत. पण एक लक्षात ठेव. कोमट पाण्यात बुडवून मऊ करायचे आणि उघड्या हाताने बसवायचे. हातमोजे काढून."

"डाग पडतील."

"गाडीला पडू देऊ नकोस. टायरला मात्र हात लागला पाहिजे. आणि पहिले आठ दिवस रोज अंगठ्याने चोळायचे. शर्यतीआधी पट्टीवर टायर घासून तापवतात, तसंच समज. त्याशिवाय पकड येत नाही."

"कपाटात उभ्या असलेल्या गाडीला पकड कशाला हवी हो?"

मी थट्टेने विचारलं होतं. तो हसला नाही. त्याने डबी दोन्ही तळव्यांत धरून माझ्याकडे सरकवली. बोटं त्याने वापरली नाहीत. हे मी त्या दिवशीच्या वहीत लिहिलं आहे. का लिहिलं, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

३

मी जिल्ह्याच्या पाणीखात्यात विहिरींची पातळी मोजतो. बावीस वर्षं रोज वही लिहितो: वेळ, माप, हवा, काय केलं. साहित्यिक असं त्यात काही नाही. पुढचं सगळं मी त्या वहीवरूनच सांगतो आहे.

रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून जुने टायर काढले. ते काढावे लागलेच नाहीत, खरवडावे लागले. नखांत शिरलेला काळा गाळ तीनदा साबण लावूनही वासाला उरला. मागचे नवे टायर मी बसवले. उजवा उजव्या अंगठ्याने दाबून, डावा डाव्याने. पुढचे मात्र जमेनात. केसांना लावायच्या रबराहून बारीक, आणि माझी बोटं ही अशी.

लॉर्ना, माझी बायको, लग्नाचे पोशाख मापाला बसवून द्यायचं काम करते, आमच्या पुढच्या खोलीत. ती पाणी प्यायला आली आणि पाच मिनिटं नुसती बघत उभी राहिली.

"सरका महाराज," ती म्हणाली. "तीस वर्षं मणी ओवतेय मी. तुझी ही सायकल मला जड नाही."

तिने दोन बोटांत धरून दोन्ही टायर दोन मिनिटांत चढवले. मग चेहरा वाकडा केला.

"ई! वेन, हे कोमट आहेत."

"पाण्यातून काढलेत."

"पाणी केव्हाच गार झालंय." तिने बोटं हुंगली, उठली आणि नळाखाली बराच वेळ हात धुतले.

वहीत: *पुढचे दोन लॉर्नाने बसवले. दोन मिनिटं.*

४

आठ दिवस मी मागचे टायर रोज सकाळी चोळले. स्पर्श चांगला होता, इतका चांगला की मला तो आवडत नव्हता. रबराला अंगठा लावला की तो थोडा अडखळतो, मग सरकतो. इथे अंगठा बुडायचा. आणि दाब काढला की टायर हळूच, आपल्या वेळाने, पुन्हा भरून यायचा, जसा पायाला सूज असलेल्या माणसाच्या घोट्याला दाबल्यावर पडलेला खड्डा भरतो.

मी मोजलं. पहिल्या दिवशी मागच्या उजव्या टायरचा व्यास चव्वेचाळीस पूर्णांक सहा मिलिमीटर. आठव्या दिवशी पंचेचाळीस पूर्णांक दोन. खऱ्या पट्टीवर असे टायर वेगात फुगतात, लहानपणी मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. पण माझी गाडी काचेवर उभी होती. उन्हाने प्रसरण पावला असेल, असं मी लिहिलं. पुढच्या सोमवारी हवा निवली, नव्वदवर आली. टायर पंचेचाळीस पूर्णांक नऊ.

वास तेव्हाच सुरू झाला. हाताचं प्लास्टर सहा आठवड्यांनी कापतात तेव्हा आतून येतो तो वास. कपाट उघडलं की आधी तो यायचा, मग गाडी दिसायची. मी काच पुसायला गाडी उचलली, तर मागच्या टायरांखाली दोन आखूड पट्टे उमटले होते, आणि त्यांवर चुरा. गाडी जागची हलली नव्हती, हे मला तिच्या नाकासमोर केलेल्या पेन्सिलच्या खुणेवरून कळत होतं. चुरा बोटावर घेतला. काळा नव्हता. करडा, कोरडा, टाचेचं घासलेलं कातडं असतं तसा.

मी तो कागदात बांधून केराच्या टोपलीत टाकला. मग टोपली बाहेर नेऊन ठेवली.

५

रविवारी आम्ही स्पेनकडून आलेल्या बास्क लोकांच्या खाणावळीत जेवायला जातो. मोठी सामाईक टेबलं, सूप, पाव, आणि सुरुवातीला व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या गाईच्या जिभेचे काप. मला ते लहानपणापासून आवडतात. त्या दिवशी पहिला काप जिभेवर ठेवला, दाताने दाबला, आणि तो हळूच पुन्हा भरून आला.

मी तो रुमालात काढला.

"काय झालं?" लॉर्नाने विचारलं.

"काही नाही. मुरला नाहीये."

"अख्ख्या टेबलाला मुरलाय, तुलाच नाही," ती म्हणाली. तेवढ्यात तिच्या हातून काटा निसटून ताटात पडला. तिने उचलला, पुन्हा निसटला. "घ्या! आज मीसुद्धा. परवा मिसेस ओचोआच्या मुलीच्या ड्रेसवरचे मणी असेच सांडले. सुई धरली तरी धरल्यासारखी वाटत नाही."

"थकली असशील. ऑगस्टमध्ये सगळ्या जगाची लग्नं."

"थकले असेन," ती म्हणाली.

वहीत: *लॉर्नाने काटा दोनदा पाडला. जीभ खाल्ली नाही.*

घरी परतताना मी फोन उघडायला अंगठा टेकवला. उघडला नाही. पुसून टेकवला. उघडला नाही. गाडी कडेला घेऊन अंगठा उन्हात धरला. त्यावर एकही रेघ नव्हती. सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा तो चकाकत होता.

६

रसायनांनी असं होतं. मी वाचून काढलं: विटांचं काम करणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेघा जातात, सफाई कामगारांच्या जातात. त्या टायरमध्ये काहीतरी तीव्र असणार. हे पटण्यासारखं होतं आणि मी ते एक पानभर लिहिलं. लिहून झाल्यावर भिंग घेतलं आणि कपाटापाशी गेलो.

मागचा उजवा टायर आता गुळगुळीत नव्हता. त्याच्या पूर्ण घेरावर बारीक रेघा उठल्या होत्या. जवळजवळ, समांतर, मधूनच दुभंगणाऱ्या, आणि एका जागी भोवऱ्यासारख्या फिरून आत गेलेल्या. भोवऱ्याला छेदून एक तिरकी पांढरी रेघ. बाराव्या वर्षी पीचच्या डब्याचं झाकण माझ्या उजव्या अंगठ्यात घुसलं होतं. चार टाके पडले होते. ती खूण मी चाळीस वर्षं रोज पाहत आलो होतो. आता ती माझ्या अंगठ्यावर नव्हती.

रेघांच्या मधे ठिपके होते. मी पाहत असतानाच त्यांतल्या एकातून घामाचा थेंब आला.

मी भिंग खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं, कारण अर्धवट पाहिलेली गोष्ट मला सहन होत नाही. लॉर्नाच्या डब्यातली टाचणी घेतली आणि तिचं टोक टायरच्या कडेला अगदी हलकं टोचलं.

उजव्या अंगठ्यात कळ आली. रक्ताचा थेंब मोहरीएवढा होता आणि तो माझ्याच अंगठ्यावर होता.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी कामावरून सरळ ओर्व्हलकडे गेलो. नदीपलीकडे, तेलाच्या पंपांच्या रांगेमागे त्याचं घर. दार उघडंच होतं.

"ये," तो आतून म्हणाला. "दार मला लावता येत नाही. कडी धरता येत नाही."

बैठकीच्या चारही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत कपाटं. शेकडो गाड्या. पडदे ओढलेले, आणि खोली दमट, उबदार, त्याच वासाने इतकी भरलेली की मी तोंडाने श्वास घ्यायला लागलो. मग तोही घेववेना, कारण वासाला चव होती. आवाज मात्र मला उशिरा कळला. सगळ्या कपाटांतून येणारा, फार बारीक, काचेवर ओलं बोट हळू फिरवावं तसा.

ओर्व्हल खुर्चीत बसला होता. हातमोजे नव्हते. मी एकदाच पाहिलं. त्याच्या हाताला बोटं होती, पण ती कुठे वाकावीत, नख कुठे असावं, हे ठरलेलं नव्हतं. समोरचा कप त्याने दोन मनगटांत धरून उचलला.

"मला हे काढायचे आहेत," मी म्हणालो.

"सगळेच म्हणतात. पण तुझे टायर चांगले लागलेत, नाही का? पाझरत नाहीत."

"हे तुम्ही मला सांगायला हवं होतं!"

"सांगितलं असतं तर तू भावाची गाडी तशीच चिकटून मरू दिली असतीस? खरं बोल, पोरा."

दिली नसती. हे मला तेव्हाच कळलं, आणि ते आजही विसरता येत नाही.

"काढता येतात की नाही, तेवढं सांगा."

"कापून येतात. मी एकदाच कापला." त्याने मागच्या बंद दाराकडे मान वळवली. "बारीक काम सगळं मेव्हिस करायची. माझे डोळे आधीच गेलेले."

"मेव्हिस कशी आहे?"

"आत आहे," तो म्हणाला. "आत जाऊ नकोस."

दारामागे काहीतरी जमिनीवरून सरकलं. पावलांचा आवाज नव्हता तो. मी धावत बाहेर आलो, आणि गाडीत बसल्यावर पाहिलं तर स्टिअरिंग माझ्या अंगठ्यांतून निसटत होतं.

८

गाडी फेकून देता येत नव्हती. कचऱ्याच्या ट्रकचा दट्ट्या मी पाहिला आहे. जाळता तर येतच नव्हती, आणि रॉइसची गाडी दुसऱ्यांदा जाळायची कल्पना मी मनात पुरी होऊ दिली नाही. उरलं कापणं. चार टायर, चार काप. दुखणार, रक्त जाणार, आणि मग ती नुसत्या चाकांवर, टायरांवाचून, कपाटात उभी राहील. तिचं नाव राहील. माझे दोन अंगठे गेले तर गेले. विहिरीत टेप सोडायला उरलेली बोटं पुरतील.

शनिवारी सकाळी दहा वाजता मागच्या खोलीचं दार लावलं. टॉवेल, जखमेची पट्टी, आयोडीन, नवी सुरी. दात दाबून धरायला चामड्याचा पट्टा. पुढच्या खोलीत लॉर्ना मिसेस ओचोआच्या मुलीचा ड्रेस पुरा करत होती, गुणगुणत होती. तिला मी काही सांगितलं नव्हतं. हे माझ्या बोटांचं होतं, तिला कशाला घाबरवायचं?

सुरुवात लहानापासून करावी असं ठरवलं. पुढचा डावा टायर. तो फार बारीक, दुखलं तरी थोडंच दुखेल, आणि कळेल तरी किती सहन करायचं आहे ते. मागचे मी रोज मोजले होते. पुढच्यांकडे भिंग घेऊन एकदाही पाहिलं नव्हतं.

पट्टा दातांत धरला. सुरीचं टोक टेकवलं आणि दाबलं. टायर फाटला नाही, उघडला. आत पांढरं होतं, चरबीसारखं, आणि त्यात लगेच लाल भरून आलं.

मला काहीच झालं नाही.

मी दहाही बोटं पाहिली. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. डोळ्यांत पाणी आलं, इतकं सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे पुढचे माझे नव्हतेच!

तेवढ्यात पुढच्या खोलीत मणी सांडले. पुष्कळ मणी, लाकडी जमिनीवर, एकदम. आणि लॉर्ना ओरडली.

"वेन! वेन, अरे ये! मी कशाला हातही लावला नाहीये, आणि माझं बोट... देवा, ड्रेसवर रक्त... वेन, हे थांबत नाहीये!"

मी भिंग उचललं. तिच्याकडे जायच्या आधी भिंग उचललं. हे मी लिहून ठेवतो आहे, कारण ते खरं आहे. पुढच्या टायरवर अतिशय बारीक, सुरेख रेघा होत्या, आणि त्या रेघांवर सुईने टोचून टोचून पडलेल्या तीस वर्षांच्या खळ्या. *पुढचे दोन लॉर्नाने बसवले.* माझ्याच अक्षरात होतं सगळं. काटा, मणी, सुई. मी नुसतं लिहीत गेलो होतो.

सुरीचं पातं अजून आत होतं. ते बाहेर ओढलं तर जास्त रक्त जाईल की कमी, मला कळेना. पातं जरा हललं की पुढच्या खोलीत लॉर्नाची किंकाळी चढायची. म्हणून मी हात हलू दिला नाही. गुळगुळीत अंगठ्यातून सुरीची मूठ मिलिमीटर मिलिमीटर निसटत होती, आणि लॉर्नाची पावलं दाराकडे येत होती.